उल्सानची मीटिंग खरं तर कॉफी मशीनपाशी झाली

ह्युंदाईने 2023 मध्ये जीएमचा (जनरल मोटर्सचा) तळेगावचा प्लांट घ्यायचा करार केल्यापासून आमच्या चाकण पट्ट्यात जो तो कोरियन कस्टमरच्या मागे लागलाय, आम्हीही त्यातलेच. अशाच एका टियर-वनकडे, म्हणजे गाडी कंपनीला थेट पार्ट देणाऱ्या सप्लायरकडे (नाव नको) प्राइसची मीटिंग होती, थेट कोरियात उल्सानला. आमचे प्लांट हेड म्हणजे साहेब आणि मी डेव्हलपमेंटवाला, दोघंच.

कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं-घ्यायचं, घेतलेलं खिशात कोंबायचं नाही, समोर टेबलावर हुद्द्याप्रमाणे मांडून ठेवायचं, हे साहेबांना विमानातच पढवलं होतं आणि त्यांनी ते झकास केलं. दारापासून लांबची बाजू पाहुण्यांची, ती आम्हाला दिली. समोर मधोमध बुजांगनिम म्हणजे डिपार्टमेंट हेड, शेजारी त्यांच्या हाताखालचे चाजांग, आणि पार टोकाला त्याहून खालच्या हुद्द्याचा ग्वाजांग, ज्याच्याशी माझं रोजचं काम. आपले नऊ वाजतात तेव्हा तिकडे साडेबारा, त्यामुळे मी ऑफिसला पोचेपर्यंत काकाओटॉकवर (तिकडचं व्हॉट्सअ‍ॅपच) त्याच्या मेसेजचा ढीग पडलेला असतो.

तर साहेबांनी ऐनवेळी टूलिंगचा, म्हणजे साचे-डायांचा खर्च पार्टच्या रेटमध्ये घालायची स्लाइड टाकली. बुजांगनिम हाताची घडी घालून डोळे मिटून बसले. कोणी काही बोलेना म्हणून साहेबांनी सरळ टोकाच्या ग्वाजांगलाच विचारलं, डेटा तुझ्याकडे आहे, तूच सांग रेट बरोबर की नाही! बिचाऱ्याचे कान लाल, नजर वहीत. चाजांग म्हणाले पुन्हा बघू, आणि ब्रेक. साहेब मला हळूच, "गेली रे ऑर्डर."

कॉफी मशीनपाशी ग्वाजांग शेजारी येऊन उभा राहिला, कप ढवळत, माझ्याकडे न बघता म्हणाला, आकडा ठीक आहे. पण बुजांगनिमनी तो सगळ्यांदेखत पहिल्यांदा बघितला, आता तिथल्या तिथे हो म्हणायचं तर वरच्या सांगमूंना (डायरेक्टरना) न विचारता म्हटल्यासारखं होतं आणि नाही म्हणावं तर पाहुण्यांचा अपमान. अर्धा खर्च आधी, अर्धा रेटमध्ये, असं एका पानावर मांडून जेवणाआधी दे. तिथेच उभ्याउभ्या लॅपटॉपवर बनवलं, त्याने चाजांगना दाखवलं, चाजांगनी बुजांगनिमना. माझं तर मत झालंय की तिकडे मीटिंग म्हणजे नुसता साखरपुडा, देणंघेणं आधीच ठरलेलं असतं. जेवणानंतर बुजांगनिमनी स्वतःच तोच प्रस्ताव मांडला, वरून मंजुरी घेतो म्हणाले, पाच-दहा मिनिटांत विषय मिटला. साहेब "हे तर सकाळीच मी…" म्हणणार तेवढ्यात मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

रात्री होएशिक, म्हणजे सगळ्या टीमचं जेवण आणि पिणं. साहेब माळकरी! शेगडीवर पोर्क, किमचीतसुद्धा बहुतेक वेळा मासळीचा रस किंवा खारवलेली कोळंबी असते, तेव्हा लेट्यूसच्या पानात भात, लसूण आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी. पण बुजांगनिमनी चमचा उचलेपर्यंत थांबले हां. आणि सोजूची (कोरियन दारूची) बाटली दोन्ही हातांनी धरून बुजांगनिमचा ग्लास भरला. त्यावर बुजांगनिमनी चिल्सुंग सायडर मागवलं, नाव सायडर पण निव्वळ लिंबूसोडा, आणि तेही दोन्ही हातांनी साहेबांच्या ग्लासात ओतलं. चटणी मात्र चाजांगनीच संपवली.

दुसऱ्या दिवशी ग्वाजांगचा मेसेज, मिनिट्समध्ये माझं नाव नको. मी लिहिलं, "बुजांगनिमच्या सूचनेनुसार". त्याला फक्त सीसीत ठेवलं.