दाखला

"आयर्लंडमध्ये इतकी वर्षं राहिलीस, चर्चने तिथे काय काय केलं ते जवळून पाहिलंस, तरी रविवारी मिस्साला जातेस कशी?"

डब्लिनमधल्या गणपतीत हाच प्रश्न, दिवाळीच्या फराळाला हाच, आणि आता वसईहून भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेलाही हाच. ऑफिसातल्या आयरिश बायका तो आवाज खाली आणून विचारतात, आपली माणसं चकली खाता खाता. आजवर हसून वेळ मारून नेली. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

तुआम गावी नन्सनी चालवलेल्या, अविवाहित आयांच्या आश्रमात दगावलेली 796 मुलं, 'वाया गेलेल्या' म्हणून बायकांना कोंडून राबवणाऱ्या, 1996 पर्यंत चालू असलेल्या मॅग्डलिन लॉन्ड्र्या, धर्मगुरूंची प्रकरणं आणि ती दाबणारे बिशप, हे कृपा करून मला सांगू नका. वाचलंय. तुमच्याआधी वाचलंय.

पूर्वी माझं उत्तर पाठ होतं. अठराव्या शतकात इंग्रजांच्या कायद्याने इथल्या कॅथलिकांना जमीन घेता येत नव्हती, मत देता येत नव्हतं. रानात एखाद्या खडकावर चोरून मिस्सा व्हायचा. डॅनियल ओकॉनेलच्या लढ्यानंतर 1829 मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटचं दार उघडलं. त्या सगळ्या काळात लोकांबरोबर उभा राहिला तो पाद्री. मग स्वतःचं राज्य आल्यावर घराच्या किल्ल्या त्यालाच दिल्या, यात नवल काय? 1937 च्या घटनेत कॅथलिक चर्चला 'विशेष स्थान' लिहून दिलं, ते 1972 च्या सार्वमतात लोकांनीच काढून टाकलं. झालं की.

यातलं काही खोटं नाही. पण मी ते सांगायचे वसईच्या सुरात. वसईत चर्च म्हणजे आमचा आडोसा. आम्ही मूठभर. फादर दिब्रिटो गुंडगिरीविरुद्ध उभे राहिले, हिरवी वसई वाचवायला रस्त्यावर उतरले, तेव्हा चर्च म्हणजे सत्ता असं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. सत्ता नेहमी दुसऱ्यांची. इथे आयर्लंडमध्ये मात्र 1951 साली नोएल ब्राउन नावाच्या आरोग्यमंत्र्याने आयांना आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत उपचार द्यायची योजना आणली. बिशपांनी विरोध केला, मंत्रिमंडळाने शेपूट घातली, ब्राउनला राजीनामा द्यावा लागला. हे मी वाचलं होतं, पण इतिहास म्हणून. मग 2015 आलं.

मुलगा चार वर्षांचा, शाळेचे अर्ज. इथे शिक्षकांचे पगार सरकार देतं, पण दहापैकी नऊ प्राथमिक शाळांवर हुकूम कॅथलिक चर्चचा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की आधी बाप्तिस्मा झालेली मुलं घ्यायची कायद्यानेच मुभा होती. आमच्या गल्लीत दोन दारं सोडून पुण्याची एक मैत्रीण राहायची. तिची मुलगी आणि माझा मुलगा एकाच वयाचे, दिवसभर एकमेकांच्या घरात. अर्ज आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकत्र भरले. चहा, आणि आईने पाठवलेली सुकेळी. सोबत जोडायच्या कागदांच्या यादीत बाप्तिस्म्याचा दाखला होता. मी आत जाऊन प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून तो आणला. सुट्टीत वसईला नेऊन बाप्तिस्मा केला होता, त्यावर आमच्या चर्चचा जांभळा शिक्का.

तिने यादीवर बोट ठेवलं. "याच्याऐवजी काय लावायचं?"

"नसेल तर रिकामं सोड," मी म्हणाले. सुकेळीचे चिकट हात पुसत.

आम्हाला जागा मिळाली. तिची मुलगी प्रतीक्षायादीत, खूप खाली. पत्र घेऊन ती आली, बसली नाही. म्हणाली, "मी पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकले गं. पहिली ते दहावी. सिस्टरांनी कधी दाखला मागितला नाही."

"तिथे आम्ही थोडे आहोत ना," मी म्हणाले. समजूत काढायला गेले होते.

"म्हणजे जास्त झालात की मागता?"

मी गप्प. तीच पुढे म्हणाली, "मग करून घेऊ का आम्हीही बाप्तिस्मा? चर्चची पायरी न चढणारे आयरिश लोक करतातच की शाळेसाठी." यावर मी चिडले. "संस्कार आहे तो, ॲडमिशनची फी नाही!" खरंच तसं वाटत होतं मला. अजूनही वाटतं. तिने टेबलावरच्या त्या फोल्डरकडे पाहिलं आणि गेली.

तिची मुलगी दोन बस बदलून शाळेत जायला लागली. माझा चालत जायचा, सहा मिनिटं. वर्षभरात ते दुसरीकडे राहायला गेले.

तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, बाई, तो कागद जोडलाच नसतास तर? ती लगेच उलटून बोलते. पोराची जागा सोडायची होती का? नियम मी केला होता? तिचं चूक आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही. 1951 मध्ये बिशपांच्या बाजूने बसलेल्या मंत्र्यांच्या घरीही अशीच कोणी टेबलाशी बसली असेल, एवढंच डोक्यात येतं.

2018 मध्ये कायदा बदलला, कॅथलिक प्राथमिक शाळांना दाखला पाहून प्रवेश देणं बंद झालं. त्याच वर्षी 25 मे ला गर्भपातावरचं सार्वमत. 1983 च्या आठव्या घटनादुरुस्तीने आईचा आणि पोटातल्या जिवाचा जगण्याचा हक्क सारखाच ठरवला होता. 2012 मध्ये आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार गॉलवेच्या रुग्णालयात गेली. गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट होतं, तरी बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात करायचं थांबवून ठेवलं, आणि त्यातच ती गेली. "हा कॅथलिक देश आहे" असं तिला सांगितल्याचं एका सुईणीने चौकशीत कबूल केलं. तेव्हा माझा मुलगा पाळण्यातून नुकता बाहेर आलेला. ते वाक्य मी मराठीत स्वतःशी म्हणून पाहिलं होतं, आणि तेव्हा ते माझं वाटलं नव्हतं. "तिथे आम्ही थोडे आहोत" म्हटल्यावर वाटलं.

मतदान मुलाच्याच शाळेत होतं. दोरीला बांधलेली पेन्सिल. मी 'हो'समोर, म्हणजे ती आठवी दुरुस्ती काढून टाका यासमोर, फुली मारली. 66.4 टक्के लोकांनी मारली. पोटातल्या जिवाबद्दल माझं मन बदललेलं नाही. हे दोन्ही एकत्र कसं, असं विचाराल तर नीट सांगता येणार नाही. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कार्डिनल न्यूमन म्हणून गेलाच आहे, आधी सदसद्विवेकबुद्धी, मग पोप. त्याचं चर्च इथे स्टीफन्स ग्रीनला आहे, मी जाते तिथे. पण आपल्या सोयीचं असलं की न्यूमन सगळ्यांनाच आठवतो.

निकालानंतर एका बिशपने सांगितलं, जाणूनबुजून 'हो' म्हणणाऱ्या कॅथलिकांनी कन्फेशनला जावं. मी गेले. मताबद्दल बोललेच नाही. त्या दाखल्याबद्दल बोलले, मैत्रीण, सुकेळी, रिकामं सोड, सगळं. फादर म्हातारे होते, बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "पण यात पाप कुठलं? तेव्हा नियमच तसा होता."

पुढच्या रविवारी मी मिस्साला गेले. नेहमीच्या जागी नाही, मागच्या बाकावर.