तुम्ही विचारलेत म्हणून : सगळे म्यूलर एकाच घराण्यातले का?

जर्मन शिकवायला लागल्यापासून एक प्रश्न मला दर वर्षी हमखास विचारला जातो. पुण्यातल्या विद्यार्थ्यांना जर्मन भाषा शिकवणारी संस्था म्हणून मॅक्स म्यूलर भवन ठाऊक असते, फुटबॉल पाहणाऱ्यांना गेर्ड म्यूलर आणि थोमास म्यूलर ठाऊक असतात, आणि 2009 मध्ये साहित्याचे नोबेल मिळालेल्या हेर्टा म्यूलर यांचे नावही एखाद्याने ऐकलेले असते. मग कोणीतरी विचारतेच, ‘हे सगळे एकमेकांचे नातेवाईक का?’ विचारणाऱ्याचे आडनाव कुलकर्णी किंवा पाटील असेल, तर निम्मे उत्तर त्याला घरीच मिळण्यासारखे असते.

म्यूलर म्हणजे धान्य दळून देणारा, गिरणीवाला. (उच्चार नीट हवा असेल तर तोंडाने ‘ई’ म्हणत राहावे आणि ओठ मात्र ‘ऊ’सारखे गोल करावेत, देवनागरीत तो स्वर नेमका उतरत नाही.) मध्ययुगाच्या उत्तरार्धात जर्मन भाषकांमध्ये आडनावे स्थिरावली, तेव्हा गावातले बहुतेक लोक शेतकरीच होते, त्यामुळे ‘तो शेतकरी’ म्हणून कोणाची ओळख पटत नसे. ओढ्याकाठच्या पाणचक्कीचा धनी मात्र गावात बहुधा एकच असे, आणि ‘तो म्यूलर’ म्हटले की तो कोण हे सगळ्यांना कळे. प्रत्येक गावात एकुलता एक असलेला हा माणूस गावोगावी होता, म्हणूनच आज हे जर्मनीतले सर्वांत प्रचलित आडनाव आहे. उत्तरेत त्याचे म्योलर झाले, दक्षिणेत मिलर; म्युनिकचे प्रसिद्ध तंत्रज्ञान संग्रहालय उभारणारे ओस्कार फोन मिलर त्याच शब्दाचे वारसदार.

या गिरणीवाल्याविषयी गावाला फारसे प्रेम नसे, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्याला जमीनदाराच्याच गिरणीत दळण न्यावे लागे, दळणावळ म्हणून धान्यातलाच वाटा कापला जाई, आणि पोत्यातून गेले किती व पीठ होऊन परत आले किती, हा संशय कायमचा असे. काही भागांत हा धंदा हीन मानून गिरणीवाल्याच्या मुलांना कारागिरांच्या संघांत प्रवेशही नाकारला जाई. ‘जो आधी येतो तो आधी दळतो’ हा तेराव्या शतकातल्या एका कायदेग्रंथातला नियम जर्मन भाषेत म्हण होऊन अजून वापरात आहे. गिरणीपुढची रांग आणि तिथली भांडणे त्यात मला स्पष्ट दिसतात.

तेव्हा नाते रक्ताचे नव्हे, धंद्याचे, आणि तेही सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या. पंधराव्या शतकातले खगोलशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांना जग रेजिओमोंटानुस या लॅटिन नावानेच ओळखते. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून 1948 चे नोबेल मिळवणारे पाउल म्यूलर स्वित्झर्लंडचे, तर हेर्टा म्यूलर रुमानियातल्या जर्मन भाषकांच्या गावात जन्मलेल्या.

मला सर्वांत जवळचे वाटते ते डेसाउ गावातले म्यूलर घराणे. तिथे एका शिंप्याच्या पोटी 1794 मध्ये विल्हेल्म म्यूलर जन्मले. शिंप्याचा हा मुलगा कवी झाला आणि त्याने लिहिली ती एका गिरणीवाल्याच्या मुलीवर जीव लावून बसलेल्या तरुण कामगाराची कवितामाला. संगीतकार शूबर्टने तिला चाली लावल्या आणि ती अजरामर झाली. विल्हेल्म 1827 मध्ये, तेहतिसाव्या वर्षी वारले. त्यांचा मुलगा तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. तोच फ्रीडरिश मॅक्स म्यूलर.

हा मुलगा पुढे इंग्लंडला गेला. नुसते म्यूलर हे आडनाव गर्दीत हरवणारे होते, म्हणून त्यांनी ‘मॅक्स’ हे पाळण्यातले नावच आडनावाला जोडून घेतले. त्यांचा मुलगा ब्रिटिश राजनैतिक सेवेत गेला, तोही मॅक्स म्यूलर याच आडनावाने. सायणाचार्यांच्या भाष्यासह ऋग्वेदाचे सहा खंड थोरल्या मॅक्स म्यूलर यांनी 1849 ते 1874 या काळात छापले, तेव्हा संस्कृतात स्वतःला मोक्षमूलर म्हणवून घेतले आणि ऑक्सफर्डला गोतीर्थ. दळणाऱ्याचे नाव असे मोक्षाच्या मुळाशी जाऊन बसले, आणि ते ज्याने केले त्याने भारत कधी प्रत्यक्ष पाहिला नव्हता.

1897 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली लोकमान्य टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा मॅक्स म्यूलर यांनी आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांना तुरुंगात पाठवली आणि त्यांच्या सुटकेसाठीच्या अर्जावर सहीही केली. रात्री काही तास वाचण्यापुरता दिवा सरकारने मंजूर केला होता, हे टिळकांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. ‘भवनाला त्यांचेच नाव का?’ असा पुढचा प्रश्न वर्गात आला, की मी त्या दिव्यापासून सांगायला सुरुवात करते.