मात्राईचा पोलीस आणि माणगावचा नाका

२०२५ च्या ऑगस्टमधल्या पहिल्या शनिवारी, म्युनिकहून निघून ऑस्ट्रियातले इन्सब्रुक ओलांडून आम्ही ब्रेनर खिंडीच्या चढाला लागलो, तेव्हा फोनवरच्या नकाशाने पुढचा पट्टा एकाएकी गडद लाल दाखवला आणि मात्राईला महामार्ग सोडून खालच्या जुन्या रस्त्याने गेल्यास पंचवीस मिनिटे वाचतील, असे सुचवले. पंचवीस मिनिटे म्हटल्यावर विचार कसला करायचा? मी गाडी उजवीकडे घेतली. उतार संपतो तिथे चमकदार जाकीट घातलेला एक पोलीस उभा होता. त्याने काच खाली करायला सांगितली आणि मुक्काम कुठे आहे, एवढेच विचारले. इटलीत गार्डा सरोवरापाशी, असे मी मोठ्या उत्साहाने सांगताच त्याने हाताने अर्धवर्तुळ काढून दाखवले : मागे वळा, पुन्हा महामार्गावर जा. दंड नाही, आवाज चढवणे नाही, आणि वाद घालायला फटही नाही.

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात २०१९ च्या उन्हाळ्यापासून असा नियम आहे, हे मला त्या उतारावर समजले. सुट्ट्यांच्या हंगामात शनिवार-रविवारी सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळेत, नुसते पलीकडे जाण्यासाठी निघालेल्या गाडीने महामार्गावरची कोंडी चुकवण्याकरता ठरावीक भागांतील गावरस्त्यांवर उतरायचे नाही. ज्याचे घर, काम किंवा मुक्काम त्या गावात आहे, त्याला मुभा आहे. आमच्या पुढच्या डच गाडीलाही परत पाठवले, हे पाहून खरे सांगायचे तर मला बरे वाटले, कारण परदेशात पोलिसाने हात दाखवला की आधी आपल्या रंगाचा विचार मनात येतो आणि नियमाचा नंतर. आम्ही राहतो त्या जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातही या नियमावरून मोठी ओरड झाली होती, हे पुढे ऑफिसातल्या सहकाऱ्यांकडून कळले, तेव्हा माझा राग अगदीच परका नव्हता, एवढे समाधान मिळाले.

परत वर येऊन रांगेत उभे राहिल्यावर मात्र करायला दुसरे काही नव्हते, म्हणून मी खालच्या गावाकडे पाहत बसलो. अरुंद रस्ता, खिडक्यांतून लालभडक जिरेनियमच्या कुंड्या, आणि पावाची पिशवी घेऊन अजिबात घाई न करता रस्ता ओलांडणारी एक आजी. मला सुचवलेली आडवाट त्याच मिनिटाला माझ्या मागेपुढे असलेल्या शेकडो फोनांनाही सुचवली गेली असणार, आणि त्यातल्या निम्म्यांनी जरी ती ऐकली असती तरी आजीला दुपारपर्यंत पलीकडे जाता आले नसते. नकाशावरचा लाल रंग कुठल्या कॅमेऱ्यातून येत नाही, तो मुख्यतः रस्त्यावरच्या फोनांच्या वेगावरून ठरतो. बर्लिनच्या सायमन वेकर्ट या कलाकाराने २०२० मध्ये हातगाडीत ९९ फोन भरून ती रिकाम्या रस्त्यावरून सावकाश ओढत नेली आणि गूगलच्या नकाशावर नसलेली कोंडी उभी करून दाखवली. आम्ही रांगेत उभे राहून लाल रेषेला शिव्या देत होतो, पण ती रेषा आमच्याच खिशांतून निघाली होती.

चूक आमचीही होती, हे मान्य करायला हवे. जर्मनीतल्या एडीएसी या मोटारचालकांच्या संघटनेचे दोन कोटींहून अधिक सभासद आहेत. सुट्ट्यांच्या दिवसांत ती दर आठवड्याअखेरीचा कोंडीचा अंदाज आधीच जाहीर करते. शुक्रवारी दुपारी आणि शनिवारी सकाळी बाहेर पडू नका, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. बव्हेरियाची शाळा १ ऑगस्टला सुटली, शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गची आदल्या दिवशी. पहाटे तीनला निघायचे असे आमचे ठरले होते, पण तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या झाल्याखेरीज या घरातून कोणी प्रवासाला निघत नाही, आणि म्युनिक सोडायला पावणेसात झाले. चारशे किलोमीटरचा रस्ता. एरवी साडेचार-पाच तास लागतात, त्या दिवशी नऊ लागले. पुऱ्या चांगल्या झाल्या होत्या, हे नोंदवून ठेवतो.

त्या नऊ तासांत मला फोनपेक्षा गाडीतल्या रेडिओचा आधार अधिक वाटला, आणि त्याविषयी थोडे लांबण लावून लिहिणार आहे, कारण आठ वर्षांत इथल्या ज्या गोष्टींवर माझा जीव जडला, त्यांत रेडिओवरच्या वाहतूक-वार्ता वरच्या क्रमांकावर आहेत. बायर्न ३ ही वाहिनी १९७१ मध्ये सुरू झाली, तीच मुळी वाहनचालकांची सोय डोळ्यांसमोर ठेवून. बातम्या संपल्या की निवेदिका कसलाही अभिनिवेश न आणता वाचू लागते : ए ८, साल्झबुर्गच्या दिशेने, होल्त्सकिर्खन आणि वायार्न यांच्या दरम्यान सात किलोमीटर, खोळंबा पंचवीस मिनिटे. तुम्ही स्वतःची गाणी ऐकत असलात तरी रेडिओ ती थांबवतो, वार्ता ऐकवतो आणि गाणे पुन्हा सुरू करतो. भीमसेनांचा अभंग ऐन रंगात आलेला असताना इर्शनबर्गच्या चढावर रस्त्यात शिडी पडली आहे, हे ऐकायची मला आता सवय झाली आहे. नकाशा रस्ता लाल करतो, पण कशामुळे लाल आहे हे सांगेलच असे नाही. निवेदिका कारण सांगते, आणि कारण कळले की माणूस थांबायला तयार होतो, असा निदान माझा अनुभव आहे. स्वित्झर्लंडमध्ये गॉटहार्डच्या बोगद्याबाहेरची रांग किलोमीटरमध्ये सांगतात आणि ऐकणारा प्रत्येक किलोमीटरला ढोबळ दहा मिनिटे धरतो. आठ किलोमीटर ऐकले की गाडीतले लोक आपापसांत न बोलता डबा उघडतात.

एक घोषणा मात्र वेगळी असते. तिच्यासाठी कार्यक्रम मध्येच तोडतात : अमुक महामार्गावर समोरून उलट्या दिशेने गाडी येत आहे, उजव्या कडेने चला, कोणालाही मागे टाकू नका. अशा चालकाला इथे बोलीत भूत-चालक म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आवरेना, कारण आपल्याकडे हीच घोषणा करायची ठरवली, तर रेडिओवर गाण्यांना वेळ उरणार नाही. या एका बाबतीत आपली बाजू घेणे मला जमत नाही.

बाकी बाबतीत घेतो. ब्रेनरच्या वाटेवरचा लुएग पूल १९६८ चा, सुमारे १.८ किलोमीटरचा. तो थकला म्हणून १ जानेवारी २०२५ पासून त्यावर एरवी प्रत्येक दिशेला एकच मार्गिका चालू ठेवली आहे आणि गर्दीच्या ठरलेल्या दिवशीच दोन सोडतात. युरोपातला इतका महत्त्वाचा रस्ता एका पुलापाशी असा चिंचोळा होतो, तेव्हा कोणी त्याला मागासलेपण म्हणत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालले आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही, पण रस्त्याची माहिती एकमेकांना पुरवण्यात कोकणी माणूस कोणाला हार जाणार नाही. आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप गटावर गणपतीच्या आधीचे चार दिवस दुसरे काही येतच नाही : वाकण नाका सुटला, कशेडीचा बोगदा चालू आहे, पळस्प्याला पोलिसांनी मोठ्या गाड्या अडवल्या आहेत, ज्यांना जमेल त्यांनी साताऱ्यावरून कराडला जाऊन कुंभार्ली घाट उतरा. खड्डा कालच बुजवला आहे की नुसती खडी टाकली आहे, हे अजून कुठलाही नकाशा सांगत नाही. गटावर त्याचा फोटो येतो.

त्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि बव्हेरियातील शाळांची सुट्टी १५ सप्टेंबरपर्यंत. म्हणजे गणपतीला गावी न येण्यासाठी मुलांच्या शाळेचे कारण या वेळी चालणार नव्हते. चार जणांची ऑगस्टमधली तिकिटे, जानेवारीतच भरलेले गार्डाचे पैसे, परत आल्यावर लगेच सुरू होणारे बायकोचे नवे काम, हे सगळे मी आईला फोनवर सांगितले, आणि ते सगळे खरे आहे. ती "बरं" म्हणाली. दोनदा म्हणाली.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी, सोमवारी रात्री साडेनऊला, मी म्युनिकमध्ये जेवण आटोपून रायगड जिल्ह्याचा नकाशा उघडून बसलो. दादाच्या घड्याळात एक वाजला होता आणि तो वहिनी, मुले आणि डिकीत मखर घेऊन कोलाडच्या अलीकडे उभा होता. पुढे माणगावपर्यंत रेषा काळपट लाल. मी फोन केला आणि पुष्कळ अधिकाराने सांगितले की, कोलाडला डावीकडे वळ, विळ्यावरून निजामपूर गाठ, तो रस्ता मोकळा दिसतोय.

दादा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "अरे, तो रस्ता शेवटी माणगावच्या बाजारातच निघतो. जाऊन परत त्याच नाक्यावर उभं राहायचं? आणि त्या गावातल्या लोकांनी काय पाप केलंय?"

मात्राईची गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नव्हती, आणि तेव्हाही सांगितली नाही. चहावाला खिडकीशी आला आहे, असे म्हणून त्याने फोन ठेवला. चहावाल्याच्या अंदाजाने दोन तास लागणार होते, माझ्या नकाशाच्या अंदाजाने पन्नास मिनिटे. मी साडेअकरापर्यंत जागा राहून ती रेषा पाहत होतो. तिच्यात कुठेतरी दादाचाही फोन होता. सकाळी उठलो तेव्हा त्याचा दोन शब्दांचा निरोप येऊन पडला होता : माणगाव सुटले. वेळ पाहिली. चहावाल्याचा अंदाज दहा मिनिटांनी चुकला होता.