‘दुसऱ्या’ ओळीतलं बारावं झाड

सकाळी सातला बाबांचा फोन आला. "काऊन वं, डिंक्याचं कुठं गेलं?"

काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहारासाठी झाडांना पाण्याचा ताण कधी दिला, मृगाचा पाऊस कधी लागला, कोणत्या ओळीतल्या कोणत्या झाडाला डिंक्या (खोडातून डिंक वाहायचा रोग) झाला, हे सगळं बाबा वर्षानुवर्षं वहीत लिहीत आलेत. त्या वह्या मी दोन वर्षांपासून मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराच्या, फाइलींमध्ये उतरवते आहे. तेच फोल्डर बाबांच्या फोनवरही दिसतं. नागपुरात त्रिमूर्तीनगरात राहून मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहिते, त्यामुळे या फाइली एआय एजंटच्या, म्हणजे सांगितलेलं काम पायऱ्या ठरवून स्वतः करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती देताना मला फारसं अवघड वाटलं नव्हतं.

आदल्या रात्री मी त्याला एवढंच सांगितलं होतं: ‘दुसऱ्या ओळीतलं बारावं झाड’ या नोंदीखाली आज बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचा लेप) लावल्याचं लिही. नोंद जोडली, असं उत्तर आलं. जोडलीही होती. पण तिच्या खालची अर्ध्याहून जास्त फाइल नाहीशी झाली होती.

फोल्डरवर गिट (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारा प्रोग्रॅम) चालू असल्याने पाच मिनिटांत सगळं परत आणलं, बाबांना तसं कळवलं, आणि कूलरसमोर बसून लॉग, म्हणजे एजंटने काय काय केलं त्याची नोंद, उघडला. एजंटने तीन साधनं वापरली होती. आधी फाइल वाचली, मग तेवढाच तुकडा बदलायला गेला, ते जमलं नाही म्हणून आख्खी फाइल नव्याने लिहिली.

वाचायच्या साधनाच्या वर्णनात होतं, ‘कमाल ६००० अक्षरे’. कोड मात्र बाइट मोजत होता. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-मात्रा-वेलांटी ही चिन्हं वेगवेगळी मोजली जातात. म्हणजे मराठी फाइलची दोन हजारांच्या थोडी वर चिन्हं झाली की वाचन थांबणार. पुढे मजकूर शिल्लक आहे, हे साधन सांगतच नव्हतं. एजंटच्या लेखी फाइल तिथे संपली होती.

दुसरी अडचण माझ्या खूप जिव्हाळ्याची आहे. बदलायच्या साधनाला जुना मजकूर हुबेहूब द्यावा लागतो. ‘दुसऱ्या’मधला तो पापणीसारखा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिपी लिहायच्या संकेतांत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक ‘ऱ’ला पायमोड लावून, आणि दुसरी, जुनी, साध्या ‘र’ला पायमोड देऊन पुढे न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना फरक दिसत नाही. फाइलमध्ये जुनी तऱ्हा होती, एजंटने नवी दिली. एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या तऱ्हा एक करणारं नेहमीचं युनिकोड सामान्यीकरण या दोघांना एक करत नाही. जोडक नुसता काढून टाकावा, तर पापणीचा रफार होतो आणि आचाऱ्याचा आचार्य! तेव्हा आपल्या भाषेत ‘हुबेहूब’ म्हणजे काय, हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहायलाच हवं. तिथे फक्त ‘अचूक जुळणी आवश्यक’ असं होतं.

अशी साधनं जोडायला आता बऱ्याच ठिकाणी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, वापरतात. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने तो नोव्हेंबर २०२४मध्ये खुला केला. त्यात प्रत्येक साधनाचं नाव, वर्णन आणि त्याला काय काय द्यायचं याचा आराखडा एजंटमागच्या एआय मॉडेलपुढे ठेवला जातो. आतला कोड त्याला सहसा दिसत नाही. माणूस डॉक्युमेंटेशन न वाचता दोन बटणं दाबून पाहतो, शेजारच्याला विचारतो. एजंटला विचारायला शेजार नाही. आमच्या व्यवसायात ‘कोण वाचतं हे सगळं’ असं गेली कित्येक वर्षं ऐकत आले. हा वाचक अक्षर न् अक्षर वाचतो आणि त्यावरच पुढचं पाऊल टाकतो, म्हणून मला त्याच्यासाठी लिहिताना फार जबाबदारी वाटते.

मग तीन रात्री बसून मी साधनं स्वतः लिहिली. कोड थोडासाच झाला, वेळ गेला वर्णनांत. आख्खी फाइल लिहिणाऱ्या साधनाचं वर्णन मराठीत सांगायचं तर असं आहे: ‘फाइलमधला आधीचा सगळा मजकूर जातो. फाइल शेवटपर्यंत वाचली नसेल तर वापरू नका. तुकडा बदलणं जमलं नाही म्हणून इकडे वळू नका.’ तिसरं वाक्य त्या लॉगमधून आलंय.

त्याहून जास्त घासूनपुसून लिहिला तो बदल जमला नाही की येणारा संदेश. पूर्वी ‘जुळणी सापडली नाही’ एवढंच यायचं. आता येतं: ‘मजकूर सापडला नाही. फाइल बदललेली नाही. सर्वांत जवळचा मजकूर ओळ ३१वर आहे. तो वाचून जसाच्या तसा घ्या.’ आणि मजकूर दोनदा सापडला तर साधन थांबतं, दोन्ही ओळींचे क्रमांक देतं. बाबांच्या नोंदीत ‘१ किलो मोरचूद, १ किलो चुना’ दोन ठिकाणी आहे. मलमासाठी त्यात पाणी १० लिटर, एक टक्क्याच्या फवाऱ्यासाठी १०० लिटर. चुकीच्या जागी बदल झाला आणि तो वाचून कुणी फवारा केला, तर दहापट कडक द्रावण पानांवर जाईल.

एमसीपीच्या मार्च २०२५च्या आवृत्तीत ‘फक्त वाचतं’, ‘मोडतोड करू शकतं’ अशा खुणा साधनांना देता येऊ लागल्या. त्या मी लावल्यात, पण मोडतोड नेमकी कशाची, हे वाक्यातच लिहावं लागतं.

‘ऱ्या’चं काय करायचं यावर मात्र बराच विचार केला. सगळ्या फाइली एका तऱ्हेत बदलून घेणं सोपं होतं. तसं केलं नाही. शोधताना साधन दोन्ही तऱ्हा एकच मानतं, पण ज्या शब्दांना हात लावायचा नाही ते फाइलमध्ये जसे आहेत तसेच ठेवतं. वर्णनात हे दोन ओळींत, उदाहरणासकट लिहिलंय, आणि उदाहरण ‘दुसऱ्या ओळीतलं बारावं झाड’ हेच आहे.

काल तेच काम त्याला पुन्हा दिलं. त्याने फाइल शेवटपर्यंत वाचली, होणारा बदल आधी दाखवला, माझ्या होकारानंतर एक ओळ जोडली. बाबांनी फोनवर फाइल खालपर्यंत सरकवून पाहिली. "आहे सगळं," म्हणाले, आणि मग, "त्या झाडाचा डिंक वाहायचा थांबला, तेही लिहून घे."