सही कुठली विचारताय?

मेव्हणा दर दिवाळीला विचारतो. निगडी प्राधिकरणात सकाळी फिरायला जातो तिथे भोसरीच्या आमच्या गॅस सिलिंडर कारखान्यातले जुने लोक भेटतात, तेही विचारतात. भाचीचा नवरा चाकणला क्वालिटीत आहे. तो विचारतो तेव्हा त्याच्या आवाजात कौतुक असतं आणि मला तिथून उठून जावंसं वाटतं. प्रश्न सगळ्यांचा एकच: "सिलिंडरच्या त्या लॉटवर तुम्ही सही का केली नाहीत?" मेव्हण्याच्या तोंडून तो 'मोठे हरिश्चंद्र लागून गेलात' असा ऐकू येतो. त्याचाही दोष नाही. जी शिफ्ट नंतर बंद झाली तीत त्याचा चुलतभाऊ होता.

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहितो. पुढच्या दिवाळीला फराळाबरोबर हेच वाचायला देईन.

आधी माझ्या सहीची किंमत, कारण लोकांनी ती फार वाढवून ठेवलीय. सिलिंडरच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा कधीच नव्हता. कायदा १८८४ चा, स्फोटकांचा. तुमच्या ओट्याखालचा लाल सिलिंडर अजून त्याच कायद्यात बसतो. त्याखालचे गॅस सिलिंडर नियम माझ्या नोकरीतच २००४ चे गेले आणि २०१६ चे आले. कारखान्याला मान्यता नागपूरहून, पेसोकडून, म्हणजे स्फोटकांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडून. माल आयएस ३१९६ या भारतीय मानकाप्रमाणे, पत्रा आयएस ६२४० चाच, दुसरा कितीही चांगला असला तरी चालत नाही. आयएसआय मार्क नसेल तर सिलिंडर म्हणजे नुसतं भांडं. लॉट पास करायचा तो बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, निरीक्षणातून. माझी सही त्याच्याही अलीकडची, घरातली. 'आम्ही तपासलं, आता तुम्ही बघा' एवढाच तिचा अर्थ. मी दारातला माणूस. पण दार माझ्या हातात होतं, हेही खरं.

जुलै २०१७. उज्ज्वला योजना आदल्या वर्षी १ मेला सुरू झाली होती आणि तेव्हापासून १४.२ किलोचा सिलिंडर कितीही केला तरी कमीच पडत होता. तीन शिफ्ट, कंत्राटी पोरं, गेटबाहेर ट्रक उभे. ज्यांना हा धंदा माहीत आहे त्यांना बाकी सांगायला नको; मेव्हण्यासाठी एवढंच सांगतो. सिलिंडर म्हणजे पत्र्याच्या चकतीतून प्रेसवर ओढलेले दोन हाफ. एकाच्या काठाला जॉगल, म्हणजे पायरी, मारून आत दाबायचा, त्यावर दुसरा बसवायचा, आणि कमरेभोवती एकच गोल शिवण घालायची. सबमर्ज्ड आर्क वेल्डिंग. आर्क फ्लक्स नावाच्या पुडीच्या दाण्यांखाली जळतो, वेल्डरलाही दिसत नाही. शिवण जिथून निघते तिथेच परत येते आणि थोडी स्वतःवर चढून संपते. त्या चढलेल्या जागेला ओव्हरलॅप म्हणतात. आमच्या धंद्यातली निम्मी पापं ओव्हरलॅपवर सापडतात.

नंतर भट्टी. नंतर हायड्रो, म्हणजे पाणी भरून चौरस सेंटिमीटरला २५ किलोच्या थोडं वर दाब. हा एकूण एक सिलिंडरला. आणि लॉटमधला नमुना घेऊन बर्स्ट टेस्ट, म्हणजे फुटेपर्यंत दाब. चांगला सिलिंडर कसा फुटतो ते बघण्यासारखं असतं. आधी पोट सुटतं, ढोल होतो, रंग लावला असेल तर पापुद्रे उडतात, आणि मग अंगाला पत्रा उभा फाटतो, माशाच्या तोंडासारखा. तुकडे होता कामा नयेत आणि शिवण उसवता कामा नये. पत्रा हरला तर चालतं, टाक्याने हरायचं नाही.

महिनाअखेरचा शनिवार होता. बाहेर दोन दिवस पाऊस लागून राहिलेला. बर्स्टच्या खड्ड्याशी मी, हेल्पर आणि एक नवा डिप्लोमा इंजिनिअर. पंप चालू झाला. काटा चढत होता, पोट सुटायला नुकती सुरुवात झाली होती, आणि काटा नेहमीच्या जागेच्या बराच अलीकडे असताना आवाज आला. बर्स्टचा आवाज मी वीस वर्षं ऐकलेला, जाड गोणपाट फाडल्यासारखा. हा 'टक्' असा होता. सुपारी फुटावी तसा. जाळीतून पाण्याची एक सपाट चादर आडवी आली आणि डिप्लोमावाल्याचा शर्ट भिजला. तो हसला. मी खाली उतरून बघितलं. शिवण ओव्हरलॅपपाशी उघडली होती, वीतभर. फाट्याच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोकं, एकापुढे एक, रव्याच्या ढोकळ्याला असतात तशी.

आणखी दोन घेतले. एक नीट फुटला, पोट काढून. दुसरा परत 'टक्'.

मालक रात्री आठला आले. ते वाईट माणूस नव्हते, हे मेव्हण्याला पटणार नाही. त्यांनी शांतपणे मांडलं: सगळा लॉट हायड्रोला पास झालाय. घरात सिलिंडरच्या आत त्याच्या निम्माही दाब नसतो. हे तीन आपण आपल्या समाधानासाठी फोडले, कुठे नोंद नाही. उरलेले सोमवारी बीआयएसला ऑफर करू. त्यांचे साहेब स्वतःच्या हाताने नमुना निवडतील. फेल गेला तर गेला. "आपण कुणाला फसवतोय का?"

याला उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही चोख नाही. गणित त्यांचं बरोबर होतं. त्यातला एकही सिलिंडर कुणाच्या घरात कदाचित कधीच उघडला नसता. मी फक्त म्हणालो, "मी सही करत नाही." ते म्हणाले, विचार करा. मी म्हणालो, केला. केला नव्हता. पाण्याचा तो आवाज कानात होता, बास.

लॉट मोडला. मोडायचा म्हणजे परत जोडून वापरता येऊ नये असा. प्रेसखाली चेपून, गॅसने कापून. चार दिवस लागले. डिलिव्हरी चुकली, दंड लागला, दिवाळीच्या आत तिसरी शिफ्ट बंद झाली. इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. एक बाजू म्हणते पोरांच्या पोटावर पाय दिला, दुसरी म्हणते ताठ कण्याचा माणूस. दोघंही चुकीच्या सहीबद्दल बोलताय.

ती भोकं कशाची होती ते मला शनिवारी रात्रीच कळलं होतं. दमट फ्लक्सची. फ्लक्स ओव्हनमध्ये भाजून गरमच वापरायचा असतो, पावसाळ्यात तर नक्कीच. ओव्हनचं एक रजिस्टर असतं, दर दोन तासांनी तापमान लिहायचं. मी ते उघडलं. गुरुवारचा रकाना: ३०५, ३१०, ३००, ३०५. सुंदर अक्षर. एकाच पेनाने, एका दमात लिहिलेलं.

गुरुवारी भोसरीत लाइट नसते हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, तारांची दुरुस्ती गुरुवारची. त्या गुरुवारी दिवसभर नव्हती. जनरेटर ऑफिस आणि पाण्याच्या पंपापुरता. ओव्हन थंड होता आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टला तोच फ्लक्स मशिनवर चढला. रकान्याच्या खाली 'तपासले' या शब्दापुढे सही होती. माझी.

मी पानं मागे उलटली. त्या महिन्यातले आधीचे तीन गुरुवार. तेच अक्षर, तेच आकडे, तीच सही. ते लॉट पास होऊन गेले होते. त्यांचे नमुने नीट फुटले होते, पोट काढून.

आता तुम्ही म्हणाल, अहो, रोज तीस रजिस्टरं समोर येतात, कोण वाचतं? मी स्वतःला हेच सांगत आलो. बीआयएसची तपासणी योजना, आमची स्वतःची कागदपत्रं, ग्राहकाचं ऑडिट, प्रत्येकाला आपापला रकाना भरलेला हवा असतो. नियम लिहिणाऱ्याने ओव्हन गरम असावा म्हणून रकाना आखला. आम्ही ऑडिटला दाखवायला तो भरला. यात मी एकटा नव्हतो. पण हेही मी रागातच लिहितोय, आणि रागात माणूस बहुतेक वकिलासारखा बोलतो. तीस रजिस्टरांपैकी हे एक वाचायला मला अर्धा मिनिट लागला असता.

तुम्ही मघापासून वाट बघत असाल तो वेल्डर आता येतो. लातूरकडचा होता, कंत्राटी, हात चांगला. लॉट का गेला याचा अहवाल करावा लागला. कारणाच्या रकान्यात 'फ्लक्स न भाजता वापरला' लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न रजिस्टरचा आला असता. मालक म्हणाले, रजिस्टर खोटं निघालं तर लायसनवर येईल, एक शिफ्ट नाही, तिन्ही जातील. म्हणून लिहिलं गेलं: 'ओव्हरलॅप अपुरा, ऑपरेटरची चूक.' त्याखाली मी सही केली. मालकांसमोर, त्यांच्याच पेनाने. त्याला दुसऱ्या दिवसापासून बोलावलं नाही.

तो हिशेब घ्यायला आला तेव्हा माझ्या टेबलापाशी थांबला. म्हणाला, "फ्लक्स गार होता, साहेब. मी हात घालून बघितला होता. सुपरवायझरला सांगितलं होतं." मी म्हणालो, "बघतो." त्याने मान हलवली आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

तेव्हाचा मी आजच्या मला सांगतो: शंभरावर माणसं होती, एकाचं गेलं. आजचा मी म्हणतो: शिफ्ट तरीही बंद झालीच ना? तो म्हणतो: ते मला त्या रात्री कुठे माहीत होतं? इथे येऊन आम्ही दोघं गप्प बसतो. कधी मला तो पटतो, कधी नाही. नवा डिप्लोमावाला मात्र महिनाभरात सोडून गेला. त्याने काय पाहिलं आणि काय शिकला, हे मी त्याला विचारलं नाही.

तेव्हा भाचीच्या नवऱ्या, सही न करणं सोपं होतं. नको म्हणायला एक शब्द लागला आणि त्यावर नऊ वर्षं मान मिळाला.

एक राहिलं. गॅसवाला आला की मी वाकून सिलिंडरची स्टे प्लेट, म्हणजे वरच्या कड्याखालची पट्टी, वाचतो, यावर सोसायटीत चेष्टा होते. त्या तीन पट्ट्यांपैकी एकीवर आतल्या बाजूने अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी पुढचे तीन महिने, असं डीपर्यंत. सगळे त्याला एक्सपायरी म्हणतात. ती परत हायड्रो टेस्टला जायची मुदत असते. नवा सिलिंडर दहा वर्षांनी, नंतर दर पाच वर्षांनी. जुलै २०१७ च्या सिलिंडरवर सी-२७ असतं.

गेल्या मंगळवारी आलेल्यावर होतं. बनवणाऱ्याच्या नावावर रंगाचा जाड थर बसला होता, नखाने खरवडून बघितलं, वाचता आलं नाही. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "एक्सपायर झालाय का हो?"

म्हटलं, नाही, अजून मुदत आहे. आणि आत जाऊन साबणाचं पाणी केलं.