वसईच्या नाताळाला कोसेन्झाची जोड

इटलीतला नाताळ म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पानेत्तोनेचा, म्हणजे तिकडच्या नाताळातल्या गोड, फुगीर पावाचा, उंच डबा येतो, आणि मुंबईतल्या मोठ्या दुकानांत तो आता डिसेंबरमध्ये मिळतोही. आमच्या वसईच्या घरात इटली आली ती धाकट्या भावाच्या लग्नातून. भावजय कालाब्रिया प्रांतातल्या कोसेन्झाजवळची. नोकरी आणि मुलांची शाळा सांभाळून जमेल त्या वर्षी ते नाताळाला इकडे येतात. एका नाताळाला तिची आईसुद्धा आली होती. या येण्याजाण्यातून आमच्या सणात जे रुजले आणि जे रुजले नाही, ते पाहून माझे एक मत पक्के झाले आहे: ज्या रीतीमुळे घरातल्या माणसांच्या हातांना एकत्र काम मिळते ती घरात टिकते, नुसती विकत आणलेली वस्तू पुढच्या वर्षी आठवतही नाही.

सर्वांत मोठा बदल झाला तो २४ तारखेच्या संध्याकाळी. आमच्याकडे ही संध्याकाळ म्हणजे नुसती धावपळ असायची. एका चुलीवर दुसऱ्या दिवशीचे इंद्याल, म्हणजे डुकराच्या मांसाचे आंबट-तिखट कालवण, कोपऱ्यात फुग्यांचे, म्हणजे तळलेल्या गोल पावांचे, पीठ, मुलांच्या कपड्यांना इस्त्री, आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघण्याआधी ज्याला जे सापडेल ते त्याने उभ्या उभ्या खायचे. कालाब्रियात मात्र ही संध्याकाळ, ज्याला तिकडे ‘विजिलिया’ म्हणतात, सणाचा गाभा मानली जाते. त्या रात्री मांस वर्ज्य असते, सगळे जेवण माशांचे आणि भाज्यांचे असते, आणि अनेक घरांत येशू व त्याचे बारा प्रेषित यांच्या स्मरणार्थ ताटावर तेरा पदार्थ मोजून मांडले जातात. भावजयीने हे सांगितले तेव्हा आई लगेच म्हणाली, “अगं, माझी आईसुद्धा चोवीस तारखेला मटणाला हात लावत नसे.” १९१७ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या नियमसंहितेत, नाताळची पूर्वसंध्या हा उपवासाचा आणि मांसत्यागाचा दिवस होता, १९६६ मध्ये पोप सहावे पौल यांनी उपवासाचे नियम सैल केल्यावर ते बंधन उरले नाही. इटलीतल्या घरांनी बंधन गेल्यावरही जेवण ठेवले, आमच्या घरातून मात्र दोन्ही गेले. त्यामुळे माशांची ही पंगत आम्ही मांडली तेव्हा परक्याचे काही उचलले असे आईला क्षणभरही वाटले नाही.

पदार्थ मात्र वसईचा बाजार पाहूनच ठरतात. पाचूबंदरच्या कोळणीकडून आणलेल्या तिसऱ्या (शिंपले) मिठाच्या पाण्यात ठेवून त्यांची वाळू काढायची, ऑलिव्ह तेलात लसूण परतून त्यात त्या उघडू द्यायच्या आणि त्यांच्याच पाण्यात स्पगेटी घोळवायची. वर चीज किसायचे नाही, यावर भावजय ठाम असते आणि ती बरोबरच आहे, कारण तिसऱ्यांची खारट गोडी चीजखाली दबून जाते. तिकडे बाकाला, म्हणजे खारवलेला कॉड मासा, दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून बटाटे, टोमॅटो आणि काळ्या ऑलिव्हबरोबर शिजवतात. आम्ही तेच मीठ लावून वाळवलेल्या सुरमईचे करतो आणि मला ते मूळ पदार्थाच्या तोडीचे वाटते. तेरांचा आकडा गाठण्यात सुकामेवा, फळे आणि पावही मोजतात, त्यामुळे आमची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आपोआप यादीत आली. कोसेन्झाचे सुके अंजीर प्रसिद्ध आहेत. ते चिरून, आत अक्रोड आणि संत्र्याची साल भरून, एकमेकांवर क्रुसासारखे ठेवून भाजतात. सुकेळी तशीच चिरून, अक्रोड भरून पाहिली, तेव्हा काकांनी पहिल्यांदाच दुसरी मागून घेतली.

भावजयीची आई आली होती त्या वर्षीची एक दुपार सांगितलीच पाहिजे. तिला तुर्दिल्ली, तिकडचा नाताळाचा गोड पदार्थ, करायच्या होत्या. ऑलिव्ह तेल आणि गोड वाईन गरम करून त्यात मैदा मळायचा, पिठाच्या बोटभर जाड वळ्या करायच्या, त्यांचे तुकडे कापून ते वेताच्या टोपलीवर दाबत ओढायचे म्हणजे नक्षी उठते, आणि मग तळून कोमट मधात बुडवायचे, अशी ती कृती आहे. वाईन आमच्या घरच्या द्राक्षांची होती. टोपली कुठे मिळेल असे ती हातवारे करून विचारू लागली, तेव्हा आईने तांदूळ धुवायची बांबूची रोवळी कोरडी करून पालथी तिच्यापुढे ठेवली. तिने एक तुकडा अंगठ्याने दाबून पुढे ओढला. तो वळून पोकळ शिंपल्यासारखा झाला आणि पाठीवर रोवळीची वीण उमटली. आईने तो हातात घेतला, आत जाऊन काट्याचमचातला काटा आणला आणि त्याच पिठाचा छोटा गोळा काट्याच्या पाठीवर दाबून आमच्या नाताळ फराळातला कुलकुल वळून दाखवला. दोघी हसल्या. एकीला मराठी येत नव्हते, दुसरीला इटालियन. पण त्यानंतर संध्याकाळपर्यंत दोघी समोरासमोर बसून वळत राहिल्या, आणि आम्हा लेकी-सुनांना तळणाच्या कढईवर उभे केले. आता दर वर्षी दोन्ही होतात, एक मधातली आणि एक साखरेच्या पाकातली.

आमची रोजची भाषा मराठी असली तरी आमच्या नाताळाच्या फराळात १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज काळाचा हात आहेच. त्यामुळे या फराळात बाहेरचे काही येऊच नये, असा आग्रह मला कधीच पटला नाही.

ख्रिस्तजन्माच्या गोठ्याबाबत वसईला कोणी काही शिकवावे अशी स्थिती नाही, कारण आमच्याकडची तरुण मंडळी रात्र रात्र जागून गावोगावी देखावे उभारतात. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी गव्हाणीचा जिवंत देखावा मांडला, तेव्हापासून इटलीने ही प्रथा जिवापाड जपली. तिकडे रानातले शेवाळ आणून हिरवळ करतात. आम्ही ताटात नाचणी पेरतो, आणि भावजयीला ती इतकी आवडली की ती नाचणीचे दाणे बांधून घेऊन गेली. तिच्याकडून आम्ही घेतले ते एवढेच: गव्हाणी मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवायची आणि मिस्सेवरून आल्यावर घरातल्या सर्वांत लहान मुलाने येशूबाळ तिच्यात ठेवायचा. येशूबाळाच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या मूर्ती दूर खिडकीपाशी उभ्या करून ६ जानेवारीपर्यंत रोज थोड्या पुढे सरकवायच्या, हे काम मुलांनी स्वतःहून वाटून घेतले आहे.

जेवणानंतर मिस्सेला निघेपर्यंत तोंबोला चालतो. नव्वद आकड्यांचा हा खेळ आपल्या हाऊजीचा सख्खा भाऊ असल्याने तो शिकवावा लागला नाही. फरक आकडे पुकारण्यात आहे. नेपल्सच्या परंपरेत प्रत्येक आकड्याला अर्थ असतो: २५ म्हणजे नाताळ, ३३ म्हणजे ख्रिस्ताचे वय, ९० म्हणजे भीती. आम्ही खुणेला वालाचे दाणे ठेवतो आणि पुकारायचे काम काकांकडे असते.

काही गोष्टी आम्ही घेतल्या नाहीत. पानेत्तोने घरी करण्याचा हट्ट मी मोडून काढला. नैसर्गिक आंबवणाचे पीठ, टप्प्याटप्प्याने मळणे, भाजल्यावर बसू नये म्हणून उलटे टांगणे हे बेकरीचे काम आहे, आणि इटलीतल्या २००५ च्या नियमानुसार त्यात किमान १६ टक्के बटर आणि २० टक्के मनुका व पाकातली फळे लागतात. भावजयीच्या माहेरीही तो विकतच आणतात. ६ जानेवारीला मुलांच्या मोज्यांत खाऊ ठेवणारी म्हातारी बेफाना आमच्याकडे येत नाही, कारण तोवर शाळा सुरू झालेल्या असतात. आणि २५ च्या दुपारी लाझान्या करावा, हा भावाचा प्रस्ताव आईने आणि मी मिळून नाकारला. ती दुपार इंद्याल, सरपोटेल (डुकराच्या मांसाचाच दुसरा रस्सा) आणि गरम फुग्यांचीच राहील. भावजयीने याला सर्वांत आधी होकार दिला; सासरच्या नाताळात तिला सासरचेच जेवण हवे आहे.

पुढच्या नाताळाला आम्ही सगळे कोसेन्झाला जाणार आहोत. तिथली २४ ची रात्र त्यांची आणि २५ ची दुपार आईची, असे ठरले आहे. डुकराचे मांस आणि व्हिनेगर तिथे उत्तम मिळेल, पण बाटली मसाला, म्हणजे बाटलीत भरून ठेवायचा आमचा घरगुती मसाला, मिळणार नाही, म्हणून आईने या उन्हाळ्यात मिरच्या वाळवतानाच त्यांच्या नावाची एक बाटली वेगळी भरून ठेवली आहे.