कमरेएवढे पाणी, सरासरी भाव

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी पुण्याहून मावशीचा फोन आला, "अरे, नाशिक बुडालंय म्हणे! तुमच्या घरात पाणी नाही ना शिरलं?" मी त्या वेळी इंदिरानगरात, तिसऱ्या मजल्यावर, चहा गाळत होतो. तिने टीव्हीवर पाहिले ते खोटे नव्हते. रामकुंडाजवळची लहान देवळे खरोखरच पाण्याखाली गेली होती. मात्र तेच दृश्य पुन्हा पुन्हा फिरत होते आणि 'हाहाकार' हा शब्द पडद्यावरून हलायला तयार नव्हता, त्यामुळे घाटावरचे पाणी मावशीच्या मनात सगळ्या शहरभर पसरले होते.

नाशिककर पूर मोजतो तो गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी पायाला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, गळ्याशी आले. "कमरेला लागलं" एवढे कानावर पडले, की खालच्या फळीवरचा माल वर चढवायचा की नाही, हे सराफ बाजारातला दुकानदार ठरवतो. या मोजपट्टीला विशेषण लागत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले, होळकर पुलाखालून किती जात आहेत, नांदूरमध्यमेश्वरहून जायकवाडीकडे किती निघाले, हे आकडेही त्याच जातीचे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. आणि पुलाचा आकडा धरणाच्या आकड्याहून मोठा असेल, तर वाटेतल्या पावसाने आणि नाल्यांनी किती भर घातली, हे साध्या वजाबाकीने कळते. हे आकडे वाहिन्या देत नाहीत असे नाही, पण ते पडद्याच्या तळाशी सरकत्या पट्टीत असतात आणि वाचून होण्याआधी जाहिरात लागते.

माझी तक्रार खोटेपणाची नाहीच. (आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुन्या पुराचे फोटो दर वर्षी 'आत्ताचे' म्हणून नव्याने येतात, तो निराळा विषय.) तक्रार आहे ती पाणी ओसरल्यानंतरची. २००८ च्या महापुरानंतर इथे पूररेषांची चर्चा घरोघर झाली. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठी फ्लॅट घेणाऱ्याला याहून उपयोगाची माहिती कोणती असणार? पण रेषा वाहत नाही की गरजत नाही. तिच्यासमोर छत्री धरून उभा राहणारा वार्ताहर कुठून मिळणार!

कांद्याचेही असेच होते. भाव चढला की गिऱ्हाईक रडते, पडला की शेतकरी रडतो, आणि मथळा दोन्ही वेळा 'कांद्याने रडवले' असाच येतो. कोणाला रडवले, हे कळायला आतली बातमी वाचावी लागते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. शहरातल्या वाचकाच्या दृष्टीने ती स्वस्ताईची बातमी होती. ११ डिसेंबरला चांदवडला महामार्गावर रास्ता रोको करणाऱ्यांसाठी ती कांदाचाळीत साठवलेल्या मालाची बातमी होती. एकच निर्णय दोन्ही घरांत काय करतो, हे शेजारी शेजारी मांडलेले मला त्या आठवड्यात फारसे कुठे वाचायला मिळाले नाही.

माझे सासरे निफाड तालुक्यातले. ते वर्तमानपत्र मागून उघडतात, कारण बाजारभावाचा तक्ता तिथे असतो. लासलगावची आवक, किमान भाव, कमाल भाव, सरासरी भाव. मथळ्यात चढतो तो बहुतेक वेळा कमाल भाव, आणि तो कधी कधी दिवसभरातल्या एखाददुसऱ्या ट्रॉलीलाच मिळालेला असतो. बाकीच्यांच्या हातात काय पडले, ते सरासरीवरून कळते. मागे एकदा मोबाइलवर झळकलेला मथळा वाचून मी उत्साहाने त्यांना फोन केला होता. कांद्याने उच्चांक गाठला, अभिनंदन, असे काहीसे बोललो असेन. पलीकडे ते शांतपणे ऐकत होते. माझे संपल्यावर म्हणाले, "ते राहू द्या जावईबापू. सरासरी काय निघाली, तेवढं सांगा."

मला ती ठाऊक नव्हती.